चाकाखालची चिखलणी

जूनचा दुसरा आठवडा. बेळगावहून भाच्याचा फोन आला, आवाजात नाराजी. चौघा मित्रांनी मिळून एक जुनी फोर बाय फोर जीप घेतली आहे, रंग मारलाय, खोल खाचांचे टायर चढवलेत. पहिल्या पावसाची मजा घ्यायला निघाले, तर जांबोटीच्या पुढे रानातल्या कच्च्या वाटेवर वनरक्षकाने अडवलं. वाट पावसाळ्यापुरती बंद. "मामा, आम्ही लिहून देतो म्हटलं, काय झालं तर जबाबदारी आमची. तरी सोडलं नाही बघा."

सगळा गैरसमज या लिहून देण्यात आहे. वाट आपल्या जिवासाठी बंद केली, असं त्याला वाटतं. दरड, ओढ्याचा लोंढा, आडवं पडलेलं झाड ही कारणं आहेतच, पण मोठं कारण वाटेच्या खालच्या मातीत आहे, आणि मातीच्या वतीने लिहून द्यायचा अधिकार कुणालाच नाही. खरं तर हे कारण त्याला सगळ्यांत आधी कळायला हवं होतं. त्याचे आजोबा खानापूर तालुक्यात जन्मभर भात पिकवत होते.

भात लावण्याआधी आपण चिखलणी करतो. बांध घालून पाणी अडवायचं, औत किंवा पॉवर टिलर फिरवायचा आणि मातीचं पिठलं होईपर्यंत ढवळायचं. का? रोप रोवायला सोपं जातं, तण मरतं, हे झालंच. पण खरी गोम वेगळी आहे. चांगल्या जमिनीत मातीचे कण सुटे नसतात. चिकणमातीचे बारीक कण, कुजलेला पाला, बुरशीचे तंतू, लोहाची ऑक्साइडं यांनी ते एकमेकांना चिकटून रवे झालेले असतात. रव्यारव्यांमध्ये पोकळ्या. रानातली वरची माती ओंजळीत घेतली तर तिचं निम्मं किंवा त्याहून जास्त आकारमान नुसती पोकळी असते, थोडी हवेने भरलेली, थोडी पाण्याने. त्याच पोकळ्यांतून पाऊस खाली मुरतो. चिखलणीत आपण हे रवे मुद्दाम मोडतो. सुटे झालेले कण पोकळ्यांत जाऊन बसतात, जमिनीला बूच बसतं आणि पाणी शेतात उभं राहतं. भाताला तेच हवं असतं. त्याची किंमत कळते भात काढल्यावर, त्याच शेतात मसूर टाकायला ढेकळं फोडताना.

आता हेच रानातल्या उतारावर करून बघा. भिजलेल्या वाटेवर जीप अडकली की चाक जागच्या जागी फिरतं. चालकाला वाटतं, पकड मिळत नाही. मातीच्या बाजूने बघितलं तर तिथे पॉवर टिलर चालू आहे. नुसत्या वजनापेक्षा हे घसरतं, फिरतं चाक जास्त वाईट. ते कण एकमेकांवरून सरकवतं आणि वरचा थर लोण्यासारखा सारवून टाकतं. सारवलेल्या अंगणात पाणी मुरत नाही, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

पण ओल्या मातीचं बळ जातं तरी कुठे? मला या विषयातला सगळ्यांत आवडता भाग हाच, म्हणून जरा सविस्तर. मातीला ताकद येते ती कण एकमेकांवर रेटले गेल्यामुळे. रेटा जास्त तर घर्षण जास्त, घर्षण जास्त तर माती घट्ट उभी. पोकळ्या पाण्याने तुडुंब भरल्या असताना वरून अचानक वजन आलं, तर पाण्याला निसटायला वेळ हवा. वाळूत ते क्षणात निसटतं. चिकणमातीच्या मायक्रॉनभर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या, फटींतून बाहेर पडायला तास किंवा दिवस लागतात. चाक तर पाव सेकंदात पुढे जातं. मग वजन पेलतं कोण? पाणी. आणि पाणी सरकण्याला विरोध करत नाही. कार्ल टेर्झागी या अभियंत्याने १९२०च्या दशकात हे एका वजाबाकीत बसवलं: मातीवरचा एकूण ताण वजा पोकळ्यांतल्या पाण्याचा दाब, बरोबर कणाकणांमधला खरा ताण. पाण्याचा दाब एकूण ताणाजवळ पोहोचला की उरतं शून्य, आणि शून्य ताणाच्या मातीला आपण चिखल म्हणतो. उलटही होतं. पाणी थोडंच असेल तर पृष्ठताण कणांना आत ओढतो, दाब ऋण होतो, म्हणून ओलसर वाळूचा किल्ला उभा राहतो. तीच वाळू, तेच पाणी, फरक फक्त किती पाणी याचा. धरणाच्या भिंतीपासून दरडीपर्यंत सगळीकडे हीच वजाबाकी लागते. ज्यांना हा परिच्छेद डोक्यावरून गेला त्यांनी वाळूचा किल्ला लक्षात ठेवावा, पुढचं समजेल.

आता एक अडचण. शेतकरी म्हणेल, मग वाफसा येईपर्यंत थांबा, सोपं आहे. वाफसा म्हणजे जमीन ना चिखल ना कोरडी, औत घातलं तर माती भुसभुशीत सुटते ती अवस्था. मीही बरीच वर्षं असंच समजत होतो. पण वाफसा नांगराचा आहे, चाकाचा नाही.

आमच्या आजीने मातीच्या घराची जमीन करताना कधी बादलीभर पाणी ओतलं नाही. हाताने शिंपडायची, माती मुठीत दाबून बघायची, मग चोपण्याने चोपायची. पाणी कमी पडलं तर माती उडते, बसत नाही. जास्त झालं तर चोपणं चिकटतं आणि माती बाजूला फुगते. मधल्या एका ओलीला ती दगडासारखी बसते. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या पाणीपुरवठ्यासाठी मातीच्या धरणांवर काम करणाऱ्या प्रॉक्टर नावाच्या अभियंत्याने १९३३ साली याचाच आलेख मांडला. आडव्या अक्षावर ओल, उभ्या अक्षावर माती किती घट्ट बसली ते. आलेख टेकडीसारखा चढतो, माथा येतो, उतरतो. रस्ता बांधणारे आजही रोलर फिरवण्याआधी हा माथा शोधतात. गंमत अशी, की चिकण मातीत हा माथा वाफशाच्या फार लांब नसतो. म्हणजे जी ओल नांगराला उत्तम, साधारण तीच ओल जमीन दडपून टाकायलाही उत्तम.

म्हणून रानवाटेला दोन वेगळे धोके आहेत. जुलैत चिखलणी, ऑक्टोबरात चोपणी. पहिला डोळ्यांना दिसतो, दुसरा दिसतच नाही. पाऊस थांबलेला, आभाळ निळं, वरची माती कोरडी, वाट कशी छान घट्ट लागते! ती लागते कारण आपण तिला त्या क्षणी घट्ट करत असतो. नेमकी त्याच सुमाराला येते खंडेनवमी. गाड्या धुतल्या जातात, झेंडूचे हार पडतात, चाकाखाली लिंबू ठेवून गाडी पुढे घेतली जाते आणि दसऱ्याच्या सुट्टीला जोडून ताफे घाटाकडे निघतात. त्या लिंबाने अपघात टळल्याचा पुरावा मला आजवर मिळालेला नाही. टायरखाली किती दाब असतो, हे मात्र लिंबू फार प्रामाणिकपणे दाखवतं. टायरमध्ये ३० पौंड हवा म्हणजे टेकलेल्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ढोबळमानाने २ किलो.

"हवा कमी केली तर?" भाच्याचा पुढचा प्रश्न, आणि चांगला प्रश्न. हवा कमी केली की टायर पसरतो, वरच्या थरावरचा दाब खरोखर कमी होतो. पण खोलवरचा दाब आसावर किती वजन आहे यावर ठरतो, हवेवर नाही. दीड-दोन टनांची गाडी हवा सोडल्याने हलकी होत नाही. जाहिरातीत चिखल उडवत जाणारी गाडी 'कुठेही' जाते म्हणतात. जाईल हो. प्रश्न ती गेल्यावरचा आहे. आणि 'आमच्या चार गाड्यांनी काय होतंय' यालाही माती साथ देत नाही. एकूण दडपणीचा मोठा वाटा पहिल्या काही फेऱ्यांतच पडतो, नंतरच्या शंभर फेऱ्या थोडी भर घालतात.

झालेलं नुकसान भरून येतं का? इथे बेळगाव जिल्हा म्हणजे आयती प्रयोगशाळा आहे. पूर्वेला, सौंदत्ती-बैलहोंगलकडे काळी माती. तिच्यातली खनिजं पाणी पिऊन फुगतात, उन्हाळ्यात आक्रसून हात जाईल एवढ्या भेगा पाडतात. दर वर्षी ती स्वतःला थोडी नांगरून घेते. पश्चिमेला खानापूरच्या रानात जांभा आणि त्यावरची तांबडी माती. तिच्यात केओलिनाइट नावाचं खनिज भरपूर, आणि ते फारसं फुगतही नाही, आक्रसतही नाही. तिचे रवे लोहाच्या ऑक्साइडांनी बांधलेले, म्हणून धो धो पावसातही ती पाणी गिळते. पण एकदा बांधणी मोडली की ती स्वतःहून उकलत नाही. मुळं, वाळवी, गांडुळं यांनीच तिला पुन्हा पोकळ करायचं, आणि त्यांना घाई नसते. कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात १९४२ ते १९४४ मध्ये रणगाड्यांचा सराव झाला. त्यांच्या चाकोऱ्या अजून दिसतात. तिथे पाऊस फार कमी, आपल्याकडे जीवसृष्टी जास्त, त्यामुळे आपली जमीन लवकर सुधारेल, पण 'लवकर' म्हणजे पुढचा हंगाम नव्हे.

कुणी म्हणेल, गव्यांचं काय? एकेक गवा टनभराच्या घरात, आणि खूर तर टायरपेक्षा लहान. मुद्दा बिनतोड वाटतो. पण खुराचा ठसा म्हणजे वाटी. तिच्यात पाणी साचतं आणि तिथेच मुरतं किंवा आटतं. चाकोरी म्हणजे पन्हळ, उताराच्या दिशेने सलग. पावसाला ती आयती मिळते. पन्हळीत पाणी एकवटतं, वेग धरतं, आणि वाहत्या पाण्याचा एक ढोबळ नियम असा, की वेग दुप्पट झाला तर ते ढकलू शकेल त्या सगळ्यांत मोठ्या दगडाचं वजन ६४ पट होतं. चाकोरी म्हणूनच एका पावसाळ्यात घळ होते. हिशेब घरच्या घरी करा: वीतभर, म्हणजे २० सेंटिमीटर रुंद आणि १० सेंटिमीटर खोल अशा दोन चाकोऱ्या, लांबी एक किलोमीटर. ४० घनमीटर. आपल्या भाषेत चौदा ब्रास. त्यातली काही माती कडेला सरकलेली असते, पण पाणी लागलं की तीही निघते. कणकुंबीच्या बाजूने निघाली तर ती मलप्रभेत जाते आणि पुढे सौंदत्तीजवळच्या नवीलुतीर्थ धरणात बसते. हुबळी-धारवाडचं पिण्याचं पाणी तिथून येतं.

मातीत राहणारेही आहेत. चोर्ला भागातून २००७ साली देवगांडुळाची एक जात विज्ञानाला नव्याने कळली, म्हादेई नदीवरूनच तिचं नाव ठेवलं. हा बेडकांचा बिनपायी नातेवाईक, ओल्या भुसभुशीत मातीत राहणारा. दिसला की लोक 'दोन तोंडांचा साप' म्हणून ठेचतात. त्याला तोंड एकच असतं आणि विष उतरवायला कुणा देवऋषाकडेही धावावं लागत नाही.

अमेरिकेत या वादाला पन्नास वर्षं झाली. सार्वजनिक जमिनींवर अशा गाड्या कुठे चालतील हे ठरवा, असा आदेश १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी काढला. २००५ मध्ये तिथल्या वनखात्याने नियम केला: प्रत्येक राष्ट्रीय वनाने नकाशा छापायचा, कोणत्या वाटेवर कोणती गाडी, वर्षाच्या कोणत्या काळात. तिकडे बर्फ वितळून वाट चिखलाची होते, म्हणून पुष्कळ फाटकं वसंतात बंद. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदाही १९७२चाच. २०११ मध्ये अभयारण्य झालेल्या, खानापूर तालुक्यातल्या भीमगडात कलम २७ प्रमाणे परवानगीशिवाय शिरता येत नाही. तिथे राहणारे आणि सार्वजनिक रस्त्याने जाणारे यांना सूट आहे.

ही सूट महत्त्वाची. रानातल्या गवाळी, आमगावकडच्या माणसांना पावसात आजारी माणूस खांद्यावरून आणावा लागतो. त्यांची गरज आणि आमच्या भाच्याची हौस एका फाटकाने मोजणं हा अन्याय आहे. त्यांना हवा तो मध्ये उंच, दोन्ही कडांना गटार असलेला, मोऱ्या टाकलेला रस्ता. पाणी जिथे बाहेर काढलं आहे तिथे टेर्झागीची वजाबाकी शून्याला जात नाही.

मला तारखेने उघडणारं फाटक फारसं पटत नाही. पाऊस कॅलेंडर बघून जात नाही. स्वीडनच्या ॲटरबर्ग नावाच्या शास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वी मातीच्या ओलीच्या सीमा ठरवल्या, त्यातली एक, ठिसूळ माती मळता येण्याजोगी कधी होते ती, अजून प्रयोगशाळेत हातानेच बघतात: माती तळव्याखाली वळून तीन मिलिमीटरची वात करायची. त्याआधीच चिरून तुकडे पडले तर माती सीमेपेक्षा कोरडी. सलग वळत राहिली तर ओली. निरांजनाच्या वाती वळणाऱ्या कुठल्याही बाईला हे एका मिनिटात जमेल.

दसऱ्यानंतरच्या रविवारी भाचा आला. फाटकापाशी वनरक्षकाला विचारून वाटेच्या कडेची वरची चिमूटभर माती घेतली. ती वळायच्या आधीच भुगा झाली. भाचा खूश. मग खुरप्याने वीतभर उकरून खालची घेतली आणि जीपच्या बॉनेटवर त्याच्याच हातात दिली. त्याने वळली, आणखी वळली.

"मामा, ही तर शेवयांसारखी निघालीय की."