वॉचमन खोटं बोलत नव्हता

आमच्या सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीत मी हौसेने एक सेन्सर बसवला होता. तो पाण्याची पातळी सर्व्हरला कळवायचा, सर्व्हर निरोप धाडायचा आणि पंपाजवळचा छोटा संगणक ते वाचून पंप चालू-बंद करायचा. निरोप ठरलेल्या मापाचे, प्रत्येकी ६४ बाइटचे. सहा महिने तक्रार नव्हती. मग कुणीतरी म्हणालं, हे सगळं उघड्यावर कशाला, कुलूप लावा. लावलं. टीएलएस, म्हणजे ब्राउझरमध्ये कुलपाचं चित्र दिसतं त्यामागचं तंत्र. आठवड्याभरात टाकी वाहिली. नोंदी पाहिल्या तर ‘पंप बंद’ हा निरोप वेळेवर आलेला होता. प्रोग्रॅमने तो वाचला मात्र वीस मिनिटांनी, त्यामागचा निरोप आल्यावर.

‘इनपुट स्ट्रीम’, म्हणजे प्रोग्रॅमकडे एकामागोमाग येणारे बाइट, शिकवताना नळाचं उदाहरण देतात. साध्या टीसीपी जोडणीत, म्हणजे इंटरनेटवरच्या नेहमीच्या, कुलूप नसलेल्या जोडणीत, ते बरंचसं चालतंही. आलेले बाइट ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, एका बफरात, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, जमतात आणि आपण हवे तेवढे काढून घेतो. टीएलएसचं पाणी मात्र नळाने येत नाही, सीलबंद जारने येतं. या जारला ‘रेकॉर्ड’ म्हणतात. सुरुवातीला ५ बाइटची चिठ्ठी, त्यात मजकुराची लांबी वगैरे. मग कूटबद्ध मजकूर, मूळचा जास्तीत जास्त १६,३८४ बाइटचा. आणि शेवटी, हल्लीच्या पद्धतींत बहुधा, १६ बाइटचं सील.

गंमत या सीलमध्ये आहे. ते मजकुराच्या प्रत्येक बाइटवरून काढलेलं असतं, त्यामुळे शेवटचा बाइट हाती येईपर्यंत ते ताडून पाहता येत नाही. आणि न ताडलेला मजकूर वर द्यायचा नाही, हा नियम. काठोकाठ भरलेलं रेकॉर्ड साधारण १,४६० बाइटच्या बारा पॅकेटांतून, म्हणजे नेटवर्कवरच्या छोट्या पुडक्यांतून, येतं. अकरा आली तरी तुमच्या हाती शून्य. बारावं आलं की सगळं एकदम उघडतं.

आता माझा घोळ. प्रोग्रॅम सतत वाचत बसत नाही. तो ‘सिलेक्ट’ किंवा ‘ईपोल’ वापरून कर्नलला सांगतो, ‘काही आलं की उठव’, आणि झोपतो. कर्नल म्हणजे गेटवरचा वॉचमन. ‘टाकी ९८ टक्के’ आणि ‘पंप बंद’ हे दोन निरोप सर्व्हरने एकाच जारमध्ये भरले. वॉचमनने मला उठवलं. मी टीएलएसच्या लायब्ररीकडे, म्हणजे कुलूप हाताळणाऱ्या तयार कोडकडे, ६४ बाइट मागितले. तिने अख्खा जार वर आणला, सील फोडलं, मला एक पेला दिला आणि उरलेला जार स्वयंपाकघरात, म्हणजे तिच्या स्वतःच्या बफरात, ठेवला. मी पुन्हा वॉचमनला विचारलं, ‘काही आलंय?’ तो म्हणाला, ‘नाही साहेब.’ गेटवर खरंच काही नव्हतं! मी निवांत झोपलो. कुलूप लावण्याआधी उरलेले ६४ बाइट गेटवरच असायचे, म्हणून वॉचमन लगेच पुन्हा हाक मारायचा.

उपाय साधा आहे, झोपण्याआधी स्वयंपाकघरात डोकवायचं. ओपनएसएसएल या टीएलएसच्या लायब्ररीत त्यासाठी ‘एसएसएल_पेंडिंग’ आहे, उघडून ठेवलेले किती बाइट शिल्लक आहेत ते सांगणारं. २०१६च्या १.१.० आवृत्तीत ‘एसएसएल_हॅज_पेंडिंग’ आलं, ते वर आणलेल्या पण न उघडलेल्या मालाचीही दखल घेतं. किंवा लायब्ररी स्वतःच ‘खालून आणखी हवं’ म्हणेपर्यंत वाचत राहायचं. मी हेच केलं.

जावा भाषेत प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची गत उलटी. तिथे ‘अव्हेलेबल’ विचारलं की उघडलेल्या जारमधलंच पाणी मोजलं जातं, गेटवर जार उभा असला तरी उत्तर शून्य. मग बरेच जण आधी १०० मिलिसेकंद थांबायची ओळ घालतात. ही आमच्या धंद्यातली लिंबू-मिरची. थांबल्याने सील फुटत नाही, ‘रीड’ म्हटल्यावरच फुटतं.

बफरात उरलेलं नेहमी वाचायचंच असतं असंही नाही. मेल सर्व्हरशी होणारं बोलणं काही वेळा उघड्यावर सुरू होतं आणि ‘स्टार्टटीएलएस’ म्हटल्यावर कुलूप लागतं. २०११ मध्ये पोस्टफिक्स या मेल सर्व्हरचे कर्ते वित्से वेनेमा यांनी दाखवलं, की मधल्या चोराने त्याच पॅकेटात ‘स्टार्टटीएलएस’च्या मागे स्वतःची एक आज्ञा चिकटवली तर ती सर्व्हरच्या बफरात पडून राहते. कुलूप लागतं, सर्व्हर पुढचं वाचायला घेतो, आणि ही उघड्यावरून आलेली आज्ञा कुलपाआडून आली असं समजून पाळतो. पोस्टफिक्सही त्यात सापडला होता. कूटलेखनाचं गणित कुठेच चुकलेलं नव्हतं. २०२१ मध्ये जर्मन संशोधकांनी पुन्हा तपासलं तेव्हा कित्येक मेल सर्व्हरांत हीच चूक तशीच होती. दुरुस्ती एवढीच, की कुलूप लावायच्या क्षणी बफरात जे काही उरलं असेल ते न वाचता ओतून द्यायचं.