कोलंबसाआधीही पृथ्वी गोलच होती

एका बाजूला अडाणी दरबारी आणि भेदरलेले खलाशी, दुसऱ्या बाजूला ‘पृथ्वी गोल आहे’ असं ठासून सांगणारा एकटा कोलंबस. शाळेत ऐकलेली ही गोष्ट झकास आहे, पण तिच्यातला वाद त्या काळी झालाच नव्हता. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातच ग्रीक विद्वान एराटोस्थेनिसने सावलीच्या कोनावरून पृथ्वीचा परीघ काढला होता. युरोपच्या विद्यापीठांत शेकडो वर्षं साक्रोबोस्कोचं तेराव्या शतकातलं खगोलशास्त्राचं पुस्तक शिकवलं जायचं. किनाऱ्यावरची खूण डोलकाठीच्या टोकावरून दिसते आणि बुडाशी उभ्या माणसाला दिसत नाही, हा गोलपणाचा पुरावा त्यात दिलेला आहे. म्हणजे खलाशांना तर तो रोजच्या रोज डोळ्यांनी दिसत होता.

खरा वाद अंतराचा होता. कोलंबसाने अरबी ज्योतिर्विदांचा पृथ्वीच्या मापाचा आकडा उचलला, पण त्यांचे मैल लांब होते हे न पाहता तो आखूड इटालियन मैलांत धरला. त्यामुळे पृथ्वी आक्रसली. वर त्याने आशिया खंड पूर्वेकडे वाजवीपेक्षा जास्त ताणला. या हिशेबाने कॅनरी बेटांपासून जपान जेमतेम ४,४०० किलोमीटरवर येत होता. प्रत्यक्षात ते अंतर १९,००० किलोमीटरच्याही वर आहे. स्पेनच्या राजाराणीने नेमलेल्या तज्ज्ञांनी योजना फेटाळली ती एवढ्या लांबच्या प्रवासाला शिधापाणी पुरणार नाही म्हणून, आणि त्यांचं बरोबर होतं. मध्ये अमेरिका आडवी आली नसती तर १४९२ची ती तीन जहाजं बहुधा परतली नसती.

मग सपाट पृथ्वी आली कुठून? मुख्यतः १८२८ साली आलेल्या कोलंबसाच्या चरित्रातून. अमेरिकी लेखक वॉशिंग्टन अर्व्हिंगने स्पेनमध्ये राहून कागदपत्रं चाळली खरी, पण सालामांका या स्पॅनिश शहरातल्या सभेत धर्मपंडित शास्त्रवचनं काढून कोलंबसाला अडवतात हा प्रसंग त्याने कथालेखकाच्या हाताने रंगवला. पुढे १८७४ मध्ये ड्रेपर आणि १८९६ मध्ये व्हाइट या अमेरिकी लेखकांनी आपापल्या पुस्तकांत विज्ञान विरुद्ध धर्म असा लढा मांडला. त्यांना खलनायक हवेच होते. तिथून ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत शिरली आणि ठाण मांडून बसली.

मध्ययुगाबद्दलच्या आपल्या कितीतरी कल्पनांचं मूळ असं एकोणिसाव्या शतकात सापडतं. व्हायकिंगांच्या, म्हणजे उत्तर युरोपातल्या मध्ययुगीन दर्यावर्दी लढवय्यांच्या, शिरस्त्राणावरची शिंगं घ्या. ती लोकप्रिय झाली १८७६ साली, जर्मन संगीतकार वाग्नरच्या ऑपेरासाठी कार्ल एमिल डोप्लरने पोशाख आखले तेव्हा. नॉर्वेत १९४३ साली सापडलेलं खऱ्या व्हायकिंग काळातलं शिरस्त्राण पाहा: गोल लोखंडी टोपी, डोळ्यांभोवती चष्म्यासारखी पट्टी, शिंगांचा पत्ता नाही. शिंगं असलेली शिरस्त्राणं डेन्मार्कच्या दलदलीत मिळाली आहेत, पण ती कांस्ययुगातली, व्हायकिंगांच्या दीड हजारांहून जास्त वर्षं आधीची. इथे कुणाचा राजकीय डाव नव्हता, रंगमंचाला चेहरा हवा होता, इतकंच.

नेपोलियनच्या बुटकेपणामागे मात्र युद्ध होतं. जेम्स गिलरेसारख्या ब्रिटिश व्यंगचित्रकारांनी त्याला चिडक्या बोटभर पोराच्या रूपात काढलं. त्याची नोंदलेली उंची ५ फूट २ इंच आहे, पण ती फ्रेंच मापात. फ्रेंच इंच ब्रिटिश इंचापेक्षा मोठा असल्याने ती १६८ सेंटीमीटरच्या आसपास भरते, त्या काळच्या फ्रेंच पुरुषाला साजेशी.

आणि ‘पाव नसेल तर केक खा’ म्हणणारी फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत? तत्त्वज्ञ रूसोच्या आत्मचरित्रात हा किस्सा आहे, पण तो ‘एका थोर राजकन्येचा’ म्हणून. नाव नाही, आणि केकही नाही, लोणी-अंडी घातलेला ब्रिऑश पाव आहे. रूसोने तो भाग १७६०च्या दशकात लिहिला. तेव्हा मारी आंत्वानेत व्हिएन्नात वाढणारी लहान मुलगी होती. फ्रान्सला ती लग्न होऊन आली १७७० साली.