कडीला भोक कुठे पाडायचं

आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत वीज आली तेव्हा कडीपाटाला, म्हणजे वरचा मजला पेलणाऱ्या आडव्या लाकडी कड्यांना आणि त्यांवरच्या फळ्यांना, फारसं कुणी छेडलं नाही. सागवानी पट्टी ठोकायची, तिच्यावर पत्र्याच्या क्लिपांत वायर बसवायची, सगळं डोळ्यांसमोर. अमेरिकेत मात्र वायर बहुतेक लाकडाच्या पोटातून गेली, कारण तिथलं घरच आतून पोकळ. १८३०च्या दशकात शिकागोकडे जाड तुळयांऐवजी गिरणीत कापलेल्या बारीक लाकडांचा, खिळ्यांनी जोडलेला सांगाडा रुजला. कड्या साधारण १६ इंचांवर, वर फळ्या, खाली गिलाव्याचं छत. कड्यांना समांतर वायर सहज सरकते. आडवी न्यायची तर प्रत्येक कडीला भोक पाडावं लागतं.

१८८०च्या सुमारास सुरू झालेल्या पहिल्या पद्धतीत त्या भोकात चिनी मातीची नळी बसवत आणि नळीतून वायर ओवत. जाणारी वायर एका भोकातून, परतीची दुसऱ्या. भोक किंचित तिरकं ठेवून नळीचं डोकं वरच्या अंगाला घेत, म्हणजे ती निसटत नसे. आजही तिथल्या जुन्या घरांच्या तळघरात या पांढऱ्या नळ्या ओळीने दिसतात. हाताने पाडलेल्या त्या भोकांतली शिस्त मला फार भावते.

तेव्हाचं हत्यार म्हणजे हाताने फिरवायचं गिरमिट. दोन कड्यांमध्ये त्याच्या मुठीला पूर्ण वळसा घ्यायला जागा नसे. अशा जागी रॅचेट, म्हणजे एकाच दिशेला पकडणारी दातेरी चकती, असलेलं गिरमिट कामी येई; मूठ अर्धवट मागेपुढे हलवली तरी भोक पुढे सरके. विजेच्या ड्रिलचं पेटंट मेलबर्नमध्ये १८८९ मध्ये घेतलं गेलं, आणि ब्लॅक अँड डेकर या अमेरिकी कंपनीला पिस्तुली मुठीच्या ड्रिलचं पेटंट १९१७ मध्ये मिळालं. पण दोन कड्यांमधली मोकळी जागा जेमतेम साडेचौदा इंच. ड्रिल आणि त्यापुढे लांब बिट, म्हणजे भोक पाडणारी फिरती सळई, तिथे सरळ मावत नाही. मग कारागीर तिरकं धरतो, भोक लंबगोल होतं, केबल घासत जाते. काटकोनी डोक्याचं ड्रिल या अडचणीतून रूढ झालं. जिथे हातच पोचत नाही तिथे साडेचार फुटी लवचिक बिट चालतं. त्याच्या टोकाला बारीक छिद्र असतं; त्यात केबल अडकवून बिट मागे ओढलं की केबल सोबत येते.

ब्रिटनमध्ये वाट वेगळी. तिथे विजेआधी गॅसच्या दिव्यांच्या नळ्या आल्या, आणि त्या बसवताना वरची फळी उचलून कडीच्या वरच्या काठालाच खाच मारली जाई. हाताशी सोपी जागा तीच. पुढे विजेच्या तारांनीही तीच वाट धरली. पण वजन पडल्यावर कडीचा वरचा काठ दाब सोसतो, खालचा ताण सोसतो. उंचीच्या मधोमध दाब-ताण जवळपास काहीच नसतो. खाच म्हणजे नेमकं कामाचं लाकूड कापणं, शिवाय फळीचा खिळा थेट तारेवर.

आजचे नियम याच समजुतीवर उभे आहेत. अमेरिकेत भोक कडीच्या उंचीच्या एक-तृतीयांशाहून मोठं नको आणि वरच्या-खालच्या काठापासून २ इंच आत हवं. केबलचं भोक काठापासून सव्वा इंचाच्या आत आलं, तर पोलादी पट्टी ठोकावी लागते. ब्रिटनमध्ये भोक उंचीच्या मध्यरेषेवरच, व्यास उंचीच्या पाव भागापर्यंत, आणि तेही आधारापासून लांबीच्या ०.२५ ते ०.४ या टप्प्यातच. काठापासून अंतर ५० मिलिमीटर. जुन्या खाचांनी कडी दुबळी झाली असेल, तर तिच्या अंगाला नवी कडी बोल्टांनी जोडतात आणि केबल त्या दोन्हींच्या मध्यरेषेवरच्या भोकांतून नव्याने ओवतात.