व्हीटी ते फाउंटन : कमानींखालची वाट

भर पावसात मुंबईत व्हीटीहून, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस स्टेशनाहून, फ्लोरा फाउंटनला चालत निघालात तर बराचसा रस्ता छत्री मिटूनच पार होतो. डी. एन. रोडची, म्हणजे दादाभाई नौरोजी मार्गाची ही सोय आपसूक झालेली नाही. तिच्यामागे एक सरकारी नियम आहे.

१८६० च्या सुमारास मुंबईच्या किल्ल्याला तट होता आणि आत माणसांची दाटी. गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या काळात (१८६२–६७) तो तट पाडला गेला. अमेरिकेतल्या यादवीमुळे इथल्या कापसाला सोन्याचं मोल आलं होतं, त्यामुळे शहरात पैसाही खुळखुळत होता. पश्चिम तटाच्या बाजूची हॉर्नबी रो रुंद होऊन तिचा हॉर्नबी रोड, म्हणजे आजचा डी. एन. रोड, झाला. हे नाव १७७१ ते १७८४ या काळात गव्हर्नर असलेल्या विल्यम हॉर्नबीचं. वरळीचा बांध घालणारा तो हाच. तटाचा चर्च गेट नावाचा दरवाजा जिथे होता, तिथे १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन उभं राहिलं. चर्चगेट स्टेशनजवळ ते ‘गेट’ सापडत नाही, ते यामुळेच!

उत्तर टोकाला वास्तुरचनाकार फ्रेडरिक स्टीव्हन्सने आधी व्हीटी (१८८८) आणि मग समोर महापालिकेची इमारत (१८९३) उभारली. पण या रस्त्याला रूप दिलं ते १८९६ च्या नियमाने. रस्त्यालगतच्या इमारतींना तळमजल्यावर कमानींचा व्हरांडा सक्तीचा झाला. वरची शैली ज्याची त्याने ठरवावी. त्यामुळे वर कुठे गॉथिक, कुठे ग्रीक-रोमन थाटाचे खांब, कुठे भारतीय-सारसेनिक (भारतीय आणि इस्लामी वळणाची) नक्षी. खाली मात्र कमानींची रांग. जागा मालकाची आणि वाट सगळ्यांची, हा व्यवहार मला तरी त्या नक्षीपेक्षा देखणा वाटतो.

पुढे रस्त्याला दादाभाईंचं नाव मिळालं. फाउंटनजवळ त्यांचा पुतळाही आहे. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं सिद्धार्थ महाविद्यालय याच रस्त्यावर आहे.

मधल्या काळात दुकानांच्या अवाढव्य पाट्यांनी कमानी झाकून टाकल्या. मुंबईत १९९५ मध्ये वारसा नियमावली आली. त्यानंतर वास्तुरचनाकार आभा नारायण लांबा यांच्या आराखड्यानुसार पाट्यांची मापं आणि जागा ठरल्या, कमानी पुन्हा दिसू लागल्या. व्हरांड्यात फेरीवाले, मोबाइलची कव्हरं आणि स्टेशन गाठणाऱ्यांची घाई अजून तशीच आहे.