तोंडी अतिसार-लसींना अर्भकांचा प्रतिसाद

अतिसारावरच्या तोंडी लसीचे तेच थेंब जगाच्या एका भागातल्या तान्ह्या बाळांना भक्कम संरक्षण देतात, तर दुसऱ्या भागात ते निम्म्यावर येते. तान्ह्या बाळांना जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरस या विषाणूवरच्या एकाच लसीने युरोपात पहिल्या हंगामात त्याचे तीव्र जुलाब सुमारे ९६ टक्के रोखले. दक्षिण आफ्रिकेत ७७ टक्के, मलावीत ४९. रोटाव्हॅक या रोटाव्हायरसवरच्याच भारतीय लसीची चाचणी दिल्ली, पुणे आणि वेल्लोर येथे ६,७९९ बाळांवर झाली. तिथला आकडा साधारण ५४ टक्के निघाला. दोष साठवणुकीचा म्हणावा, तर चाचण्यांत थंडाव्याची काळजी काटेकोर घेतलेली असते. पोलिओच्या थेंबांबाबत हेच कोडे वेल्लोरचे विषाणुतज्ज्ञ टी. जेकब जॉन यांनी १९७० च्या दशकात मांडले होते.

मध्य प्रदेशात रोटाव्हायरसची लस २०१७ पासून सरकारी लसीकरणात आहे. इंदूरच्या मराठी घरांत तिचे वेळापत्रक आजीलाही पाठ असते: दीड, अडीच, साडेतीन महिने. थेंब आधी आणि सुई शेवटी, कारण बाळाने एकदा टाहो फोडला की तोंडात घातलेले बाहेरच येते. रोटाव्हॅकचे थेंब पाच, पोलिओचे दोन. एकाच बैठकीत दिल्यावर पोलिओच्या थेंबांतला विषाणू पहिल्या डोसाच्या वेळी रोटाच्या लसीला थोडा आडवा येतो. पुढच्या डोसांत हा अडथळा फारसा उरत नाही.

मूळ मुद्दा असा की लसीतला विषाणू जिवंत असतो आणि आतड्यात वाढला तरच प्रतिकारशक्ती जागी होते. त्याला वाढू न देणारी पहिली गोष्ट आईकडून येते. जिथे रोटाव्हायरस सर्रास आहे, तिथे आईच्या रक्तात त्याविरुद्धची प्रतिपिंडे (विषाणूला निष्प्रभ करणारी प्रथिने) भरपूर असतात. गरोदरपणी वारेतून ती बाळात उतरतात आणि दीड महिन्याच्या वयात बरीच शिल्लक असतात. लस उशिरा द्यावी तर आजार वाट पाहत नाही. शिवाय उशिरा दिल्यास आतडे आतड्यात शिरण्याच्या गुंतागुंतीची धास्ती असते. त्यापायीच अमेरिकेत १९९९ मध्ये रोटाव्हायरसची पहिली लस मागे घेतली गेली.

आईच्या दुधातही प्रतिपिंडे असतात. प्रयोगशाळेत भारतीय मातांच्या दुधाने लसीचा विषाणू अमेरिकी मातांच्या दुधापेक्षा जास्त निष्प्रभ केला. म्हणून ‘थेंब दिल्यावर अर्धा तास अंगावर पाजू नका’ हा सल्ला पटण्यासारखा वाटतो. पण दिल्लीत लसीच्या आधी व नंतर अर्धा तास स्तनपान थांबवून पाहिले, तेव्हा प्रतिसादात फरक पडला नाही. दक्षिण आफ्रिकेतही नाही. तेव्हा रडणाऱ्या बाळाला पाजावे, हेच बरे.

दुसरे कारण खुद्द आतडे. अस्वच्छ पाण्यातून सतत जंतू पोटात गेले, तर जुलाब नसतानाही आतड्याचे अस्तर सुजते आणि त्यावरचे सूक्ष्म उंचवटे झिजतात. इंदूरने २०१७ पासून सलग अनेक वर्षे देशातल्या सर्वांत स्वच्छ शहराचा मान मिळवला, पण झाडलेल्या रस्त्यांवरून नळाच्या पाण्याची परीक्षा होत नाही. मात्र इथेही सरळ उत्तर नाही: वेल्लोरमध्ये पोलिओच्या डोसाआधी बाळांना अ‍ॅझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक दिले, रोगजंतू घटले, प्रतिसाद तसाच राहिला. आतड्यातल्या नेहमीच्या जिवाणूंचेही लसीशी काहीतरी नाते असावे. घानामध्ये लस लागू पडलेल्या बाळांचे जिवाणू लस जिथे चांगली लागू पडते त्या युरोपातल्या डच बाळांच्या जिवाणूंशी अधिक जुळले. पण नेमका कोणता जिवाणू कामाचा, हे ठरलेले नाही.

तिसरे कारण जनुकीय. रोटाव्हायरस आतड्याच्या पेशींवरच्या रक्तगटाशी संबंधित शर्करांना चिकटतो. काही लोकांत त्या शर्करा बनवणारे एक जनुक निष्क्रिय असते. त्यांच्यात विषाणूच्या काही जातींना पकड मिळत नाही, मग तो रोगाचा असो वा लसीचा. अशी बाळे ‘लस लागली नाही’ या रकान्यात जातात, पण त्यातली काही त्या जातीच्या रोगापासूनही बऱ्यापैकी सुरक्षित असतात. हा तपशील टक्केवारी वाचताना हमखास सुटतो. 

टक्केवारी कमी म्हणजे लाभ कमी, असेही नाही. मलावीत लस दुबळी ठरली, तरी आजारच इतका होता की दर १०० बाळांमागे वर्षाला ६.७ तीव्र प्रकरणे टळली. दक्षिण आफ्रिकेत ४.२.

ही लस फक्त रोटाव्हायरसला अडवते. बाकी जंतूंनी जुलाब होणारच, आणि तेव्हा ‘लस देऊनही कसे?’ असे विचारत बसण्यापेक्षा ओआरएसचे पाकीट फोडावे आणि झिंक १४ दिवस पूर्ण द्यावे.