गृहपाठ होतो, पण जमा होत नाही: अमेरिकेतल्या शाळेत '५०४ प्लॅन' कसा मागायचा

गृहपाठ पूर्ण असतो, पण दप्तरातच राहतो. प्रोजेक्टची तारीख आदल्या रात्री कळते. अशा मुलांच्या आईवडिलांना सगळीकडून 'जरा शिस्त लावा' एवढंच ऐकू येतं. अमेरिकेतल्या पब्लिक स्कूलमध्ये मात्र शाळेकडून सोयी मागायचा कायदेशीर मार्ग आहे: '५०४ प्लॅन', म्हणजे मुलाला कोणत्या सोयी द्यायच्या याचा शाळेने लिहून दिलेला आराखडा. 'मार्क तर चांगले आहेत' या एका कारणापायी आपल्याकडच्या पालकांनी तो सोडू नये.

आधार आहे १९७३ च्या रिहॅबिलिटेशन अ‍ॅक्टमधलं कलम ५०४. शारीरिक किंवा मानसिक अडचणीमुळे शिकणं, वाचणं, विचार करणं, लक्ष एकाग्र करणं अशा एखाद्या मुख्य क्रियेवर लक्षणीय मर्यादा येत असेल, तर मूल पात्र ठरतं. नुसता पसारा पुरत नाही. त्यामागे एडीएचडी (लक्ष टिकवायला आणि स्वतःला आवरायला अवघड जाणं), ऑटिझम, लर्निंग डिसॅबिलिटी, अँग्झायटी असं काही असावं लागतं. मार्क चांगले म्हणून मूल अपात्र, असं शाळेला म्हणता येत नाही. शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाने, म्हणजे ओसीआरने, २०१६ साली एडीएचडीबद्दलच्या पत्रात हे स्पष्ट केलं आहे. ते मार्क मिळवायला मूल रोज रात्री किती झगडतं, हेही शाळेने पाहायचं असतं. औषधाने फरक पडला असेल, तरी पात्रता ठरवताना तो फरक धरायचा नाही.

दुसरा मार्ग आयडीईए या विशेष शिक्षणाच्या केंद्रीय कायद्याखालच्या आयईपीचा, म्हणजे त्या मुलापुरत्या खास शिक्षण-आराखड्याचा. वर्गात थोडे बदल करून भागत असेल तर ५०४. पण कामाची आखणी कशी करायची हेच मुलाला खास शिकवावं लागणार असेल, तर आयईपी. कोणता लागेल हे आधी कळत नाही, म्हणून अर्जात दोन्हींखाली तपासणी मागावी.

अर्ज लेखीच करा. पॅरेंट-टीचर मीटिंगमध्ये बोललेलं हवेत विरतं. ५०४ कोऑर्डिनेटरला, म्हणजे शाळेत ५०४ चं काम पाहणाऱ्या व्यक्तीला, ईमेल पाठवा आणि प्रिन्सिपलना प्रत द्या. कोऑर्डिनेटर कोण ते ऑफिसात किंवा काउन्सेलरकडे कळतं. तुम्ही सही करून संमती दिलीत की तपासणी सुरू होते. आयडीईएखाली ती संमतीपासून ६० दिवसांत व्हायला हवी. राज्याने वेगळी मुदत ठरवली असेल तर ती लागू होते. ५०४ ला केंद्रीय कायद्यात अशी दिवसांची मुदत नाही, म्हणून तुमच्या स्कूल डिस्ट्रिक्टची (भागातल्या पब्लिक शाळा चालवणाऱ्या संस्थेची) मुदत ईमेलमध्येच विचारून घ्या.

अर्जासोबत रिपोर्ट कार्ड, शिक्षकांचे ईमेल, पोर्टलवर 'मिसिंग' दिसणाऱ्या कामांचे स्क्रीनशॉट आणि घरी काय घडतं याची तारीखवार नोंद द्या. डॉक्टरांचा अहवाल असेल तर जोडा. नसेल तर अडून बसू नका: पात्रता ठरवायला वैद्यकीय तपासणी लागेल असं शाळेला वाटलं, तर तिचा खर्च पालकांवर टाकता येत नाही. इंग्रजीत बोलणं अवघड जात असेल, तर मीटिंगसाठी दुभाषी मागा. तो मोफत द्यावा लागतो.

सगळ्यात जास्त जीव ओतायचा तो प्लॅनच्या शब्दांत. 'शिक्षक आवश्यकतेनुसार मदत करतील' या वाक्याने मुलाच्या हाती काहीच लागत नाही. कोण, कधी, काय करणार हे लिहून घ्या. 'शेवटच्या तासाला शिक्षक प्लॅनर तपासून सही करतील.' 'मोठ्या प्रोजेक्टचे तीन टप्पे करून प्रत्येकाची तारीख लेखी देतील.' 'पूर्ण झालेलं काम दोन दिवसांपर्यंत मार्क न कापता घेतील.' पुस्तकांचा दुसरा संच घरी ठेवायला मागता येतो, आणि पुस्तकं शाळेतच विसरणाऱ्या मुलाला त्याचा फार उपयोग होतो. लॉकर आवरायला आठवड्यातून एकदा कुणी मोठं माणूस सोबत असावं, हेही मागता येतं. मुलालाही विचारा. सगळ्यांसमोर आठवण करून दिलेली त्याला नको असेल, तर तसं प्लॅनमध्येच यायला हवं.

शाळेने नकार दिला तर कारण लेखी मागा. ५०४ च्या निर्णयाविरुद्ध डिस्ट्रिक्टकडे सुनावणी मागता येते. भेदभाव झाला असं वाटत असेल, तर घटनेपासून १८० दिवसांच्या आत ओसीआरकडे तक्रार करता येते, तीही मोफत आणि वकिलाशिवाय. आयडीईएखालची तपासणी पटली नाही, तर शाळेच्या खर्चाने बाहेरच्या तज्ज्ञाकडून स्वतंत्र तपासणी मागता येते. शाळेने एकतर ती द्यायची, नाहीतर आपली तपासणी योग्य होती हे सुनावणीत सिद्ध करायचं.

प्लॅन असला तरी एसएटीला, म्हणजे कॉलेज प्रवेशासाठीच्या परीक्षेला, जादा वेळ आपोआप मिळत नाही. त्यासाठी ती परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाकडे वेगळी मंजुरी घ्यावी लागते आणि तिला कित्येक आठवडे जातात. परीक्षेची तारीख ठरायच्या आधीच काउन्सेलरला ती मागायला सांगा.