१५ हजार मतं घेऊन हरला, ५ हजार घेऊन जिंकला: एका छोट्या कम्युनिस्ट पक्षाचं निवडणूक गणित

प्रत्येक लोकसभा-विधानसभेच्या निकालानंतर व्हॉट्सअ‍ॅपवर एक तक्ता फिरतोच. एका रकान्यात मतांची टक्केवारी, शेजारी जागा, आणि खाली कुणीतरी लिहिलेलं असतं की बघा, मतदारसंघात ज्याला सगळ्यात जास्त मतं तोच जिंकतो ही आपली पद्धत छोट्या पक्षांना गिळून टाकते. २०१४ ला बसपाला देशभरात ४ टक्क्यांच्या वर मतं पडली आणि लोकसभेत एकही जागा मिळाली नाही, हे त्यातलं ठरलेलं उदाहरण. आकडे बरोबर आहेत, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष अर्धाच बरोबर आहे. राहिलेला अर्धा भाग समजून घ्यायला माझ्या मते जगातलं सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे ब्रिटनचा कम्युनिस्ट पक्ष. हा पक्ष १९२० साली स्थापन झाला, १९९१ ला विसर्जित झाला आणि देशभरात एक टक्का मतंसुद्धा त्याला कधी मिळाली नाहीत. म्हणूनच तो अभ्यासाला इतका छान आहे, कारण मोठ्या पक्षांच्या आकड्यांत जे झाकलं जातं ते इथे उघडं दिसतं.

१९४५ ची निवडणूक घ्या. युद्ध संपत आलेलं, चर्चिल हरले, मजूर पक्ष (लेबर) ६४० पैकी ३९३ जागा घेऊन आला. कम्युनिस्टांनी २१ उमेदवार उभे केले, सगळे मिळून लाखभर मतं, म्हणजे देशाच्या साधारण ०.४ टक्के. जागा आल्या २. आता ६४० पैकी २ म्हणजे ०.३ टक्के. मतं ०.४, जागा ०.३! मतांच्या प्रमाणात जागा देणारी पद्धत असती तरी फार काही वेगळं झालं नसतं. त्याच निवडणुकीत लिबरल पक्षाला ९ टक्के मतं पडली आणि जागा मिळाल्या १२, म्हणजे दोन टक्क्यांच्या आत. एका जागेमागे किती मतं लागली बघितलं तर मजूर पक्षाला ३० हजार, कम्युनिस्टांना ५० हजार आणि लिबरलांना पावणेदोन-दोन लाख. म्हणजे पद्धतीने गिळलं ते मध्यम आकाराच्या, सगळीकडे थोडी थोडी मतं असलेल्या पक्षाला, आणि सगळ्यात चिमुकला पक्ष जवळपास आपला वाटा घेऊन बाहेर पडला.

कारण त्यांची मतं पसरलेली नव्हती. पाणी अख्ख्या जिल्ह्यावर शिंपडलं तर फक्त धूळ बसते, तेच एका पाणलोटात पडलं तर धरण भरतं. विली गॅलाकर स्कॉटलंडमधल्या वेस्ट फाइफमधून निवडून आले, तो कोळसा खाणींचा पट्टा, तिथले ते १९३५ पासूनच खासदार होते. फिल पिराटिन आले लंडनच्या ईस्ट एंडमधल्या माइल एंडमधून. तिथे गरीब ज्यू वस्ती होती, ब्रिटिश फॅसिस्ट नेता मोस्ले याच्या माणसांशी रस्त्यावर झालेले सामने होते, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे घरमालकांविरुद्ध भाडं न भरण्याचे संप होते, जे पक्षाने गल्लीगल्लीत जाऊन चालवले.

आता खरी मजा बघा. पिराटिन यांना ५,०७५ मतं पडली आणि ते खासदार झाले, कारण बॉम्बवर्षावाने ईस्ट एंड रिकामा झाला होता आणि माइल एंडमध्ये मतदान करणारेच दहा-अकरा हजार होते. त्याच दिवशी वेल्सच्या ऱ्होंडा ईस्टमध्ये पक्षाचे सरचिटणीस हॅरी पॉलिट यांना १५,७६१ मतं मिळाली आणि ते ९७२ मतांनी हरले. तिप्पट मतं घेऊन हरले.

इथे थोडं गणित करू, कारण मला या विषयातलं सगळ्यात जास्त हेच आवडतं. दोन मोठ्या पक्षांसाठी ब्रिटनमध्ये एक जुना ठोकताळा आहे, घनाचा नियम. जागांचं गुणोत्तर हे मतांच्या गुणोत्तराच्या घनाइतकं असतं. ५२ विरुद्ध ४८ मतं पडली तर ५२/४८ चा घन साधारण १.२७ येतो, म्हणजे जागा ५६ विरुद्ध ४४. जेम्स पार्कर स्मिथ यांनी तो १९०९ च्या सुमारास निवडणूक पद्धतींवरच्या शाही आयोगापुढे मांडला होता, आणि १९५० साली केंडल आणि स्टुअर्ट या संख्याशास्त्रज्ञांनी त्यामागचं कारण दाखवलं. प्रत्येक मतदारसंघात पक्षाचा वाटा किती हे आलेखावर मांडलं तर घंटेच्या आकाराचा वक्र येतो, आणि त्याचं प्रमाण विचलन, म्हणजे मतदारसंघ सरासरीपासून किती दूर पसरलेले आहेत त्याचं माप, साधारण १३.७ टक्के निघतं. हा आकडा असला की घन आपोआप बाहेर पडतो, त्यात जादू काही नाही. सरासरी ५२ असेल आणि विचलन १३.७ असेल तर ५० ची रेषा सरासरीपासून फक्त ०.१५ विचलन खाली राहते, आणि घंटेचा त्या रेषेच्या उजवीकडचा भाग ५६ टक्के भरतो. अगदी तोच आकडा. विचलन लहान असतं, म्हणजे सगळे मतदारसंघ एकसारखे असते, तर ५२ टक्केवाला जवळजवळ सगळ्या जागा घेऊन गेला असता. मतदारसंघ एकमेकांपासून वेगळे असतात म्हणूनच हरणाऱ्यालाही जागा मिळतात.

हेच यंत्र आता छोट्या पक्षाला लावा. कम्युनिस्ट ज्या २१ जागा लढले तिथे त्यांची सरासरी १२ टक्क्यांच्या आसपास पडते. तिरंगी लढतीत जिंकायला साधारण ४२ टक्के लागतात असं धरू. म्हणजे अंतर ३० टक्के, १३.७ ने भागलं की २.२ विचलनं. घंटेच्या त्या टोकाला दीडेक टक्काच क्षेत्रफळ उरतं, आणि २१ जागांचे दीड टक्के म्हणजे ०.३ जागा. प्रत्यक्षात आल्या २ आणि तिसरी हजारभर मतांनी गेली. अर्थ सरळ आहे, छोट्या पक्षाचा आलेख घंटेसारखा नसतोच. डावीकडे मोठा ढीग आणि उजवीकडे लांबच लांब शेपूट, अशी त्याची आकृती असते, आणि पक्षाचं सगळं नशीब त्या शेपटात असतं. राष्ट्रीय सरासरी त्या शेपटाबद्दल काहीही सांगत नाही. म्हणून टीव्हीवर राष्ट्रीय टक्केवारीवरून छोट्या पक्षाच्या जागांचा छातीठोक आकडा सांगणारा एक्झिट पोलवाला आणि निकालाआधी नेत्याची कुंडली मांडून बसलेला ज्योतिषी, दोघांच्याही बोलण्याला सारखाच आधार असतो, म्हणजे काहीच नाही. ज्योतिषाला निदान कुणी मार्जिन ऑफ एरर विचारत नाही, पण पोलवाल्याला तरी आपण विचारायला हवं.

शेपटाचं एक टोक आपल्या मुंबईचं होतं. शापूरजी सकलातवाला, जन्म १८७४ मुंबई, जमशेदजी टाटांच्या बहिणीचा मुलगा, टाटांसाठी लोहखनिज शोधत रानावनात फिरलेला माणूस. लंडनच्या बॅटरसी नॉर्थमधून ते १९२२ ला मजूर पक्षाचे म्हणून निवडून आले, १९२३ ला हरले, आणि १९२४ ला, देशभर हुजूर पक्षाची (कन्झर्व्हेटिव्ह) लाट असताना, उघडपणे कम्युनिस्ट म्हणून साडेपाचशेच्या आसपास मतांनी जिंकले. पण इथे आणखी एक गोष्ट होती, १९२४ ला मजूर पक्षाने त्यांच्यासमोर अधिकृत उमेदवार दिला नव्हता, स्थानिक शाखा त्यांच्याच पाठीशी होती आणि लढत सरळ होती. १९२९ ला मजूर पक्षाने स्वतःचा उमेदवार दिला आणि सकलातवाला थेट तिसऱ्या नंबरवर गेले. म्हणजे एकगठ्ठा मतं लागतातच, पण समोर किती जण उभे आहेत यावरही सगळं ठरतं.

मग १९५०. पक्षाने या वेळी १०० उमेदवार दिले. मतं सगळी मिळून ९२ हजारांच्या आत, म्हणजे १९४५ पेक्षा थोडीच कमी, पण उमेदवारामागची सरासरी पावणेपाच हजारांवरून नऊशेवर आली. जागा शून्य. १०० पैकी ९७ जणांची अनामत जप्त झाली, आणि तेव्हा ती वाचवायला एक अष्टमांश मतं लागायची. शीतयुद्ध सुरू झालं होतं, वातावरण विरोधात होतं हे खरंच आहे, गॅलाकर आणि पॉलिट दोघांचीही मतं धडाधड पडली. पण पिराटिन यांचं वेगळं होतं. स्टेपनी भागाच्या तीन जागांची फेररचनेत एक जागा झाली. पंतप्रधान अ‍ॅटली यांची लाइमहाउसची जागासुद्धा त्यातच गेली आणि ते दुसरीकडून लढले. पिराटिन यांना नव्या जागेत सहा हजारांच्या जवळपास मतं पडली, म्हणजे निवडून आले होते त्यापेक्षा जास्तच. फक्त धरणाची भिंत तिप्पट उंच झाली होती. मतदारसंघाची रेषा कुठून जाते याकडे आपण निकालाच्या दिवशी बघतच नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आपल्याकडेही हे दिसतं. महाराष्ट्रात २०१९ आणि २०२४ या दोन्ही विधानसभांत माकपची एकच जागा आली आणि ती डहाणूची, जिथे गोदावरी परुळेकरांच्या काळापासून वारली आदिवासींमध्ये पक्षाचं काम आहे. राज्याच्या टक्केवारीत माकप शोधावा लागतो, डहाणूत शोधावा लागत नाही.

ब्रिटनमध्ये १९५० नंतर या पक्षाचा खासदार परत कधी झाला नाही. १९८७ ला १९ उमेदवार उभे होते आणि सगळ्यांची मिळून मतं सहा हजारांच्या आसपास, म्हणजे पिराटिन एकटे जेवढी मतं घेऊन जिंकले होते त्यापेक्षा फक्त हजारभर जास्त. पण मोजायचं एकक लहान केलं की ते शेपूट तिथेच सापडतं. फाइफच्या कोळसापट्ट्यात बॅलिंग्री भागातून विली क्लार्क हे कम्युनिस्ट नगरसेवक १९७३ पासून निवडून येत राहिले, पक्ष १९९१ ला विसर्जित झाला तरी ते येतच राहिले, आणि २०१६ ला स्वतःहून निवृत्त झाले.